स्लॅबमधल्या नाण्याची पारख

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या नाण्यांतील गुंतवणुकीवर लेख आला. नाण्यांच्या छंदाला पानभर जागा मिळाली याचा मनापासून आनंद झाला. पण त्यातला एक सल्ला वाचून स्वस्थ बसवेना, म्हणून हे पत्र. नवख्या माणसाने ग्रेडिंग कंपनीने सीलबंद केलेलेच नाणे घ्यावे, म्हणजे फसवणुकीची भीती उरत नाही, असे लेखात म्हटले आहे. मी गेली बत्तीस वर्षे ब्रिटिश अमदानीतले रुपये आणि मराठेशाहीतली तांब्याची नाणी जमवतो. याच भरवशावर हात पोळून घेतलेली माणसे माझ्या ओळखीत आहेत, आणि त्यांत मीही आहे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. नाणे कंपनीकडे गेले की दोन-तीन जाणकार ते वेगवेगळे तपासतात, १ ते ७० मधला एक आकडा ठरतो आणि नाणे पारदर्शक कडक डबीत बंद होते. या डबीला आम्ही स्लॅब म्हणतो. वर लेबल, लेबलवर ग्रेड आणि क्रमांक. ६० ते ७० या अकरा पायऱ्या फक्त न वापरलेल्या, झीज नसलेल्या नाण्यांच्या. त्यांच्या आकड्याआधी एमएस, म्हणजे मिंट स्टेट, असे लिहितात. ही पट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली आणि मुळात ती दराची पट्टी होती: १ दर्जाच्या नाण्याला जो भाव, त्याच्या सत्तरपट ७० दर्जाच्या नाण्याला. भावाचे ते गणित थोड्याच वर्षांत मोडले. आकडे मात्र राहिले, आणि आज त्याच आकड्यांनी मुंबई टाकसाळीचा रुपया मोजला जातो.

रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे १८० ग्रेन, भरते की नाही हे तराजू सांगतो. एमएस ६२ आणि एमएस ६४ यांतला फरक सांगणारा तराजू नाही. राजाच्या गालावर दोन ओरखडे जास्त की कमी, मूळची झळाळी किती शिल्लक, हे माणसाच्या डोळ्यावर आणि त्या दिवशीच्या त्याच्या मनावर ठरते. किमतीत मात्र या दोन आकड्यांमुळे जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

माझा पुतण्या न्यू जर्सीत असतो. तिथल्या एका प्रदर्शनात त्याने पंचम जॉर्जचा १९१९ चा रुपया घेतला आणि तिथल्याच एका कंपनीकडे पाठवला. रुपया परत आला तो ‘डिटेल्स, क्लीन्ड’ असा शेरा घेऊन, म्हणजे कोणीतरी घासून साफ केलेला, सबब आकडा नाही. आठ महिन्यांनी त्याने स्लॅब फोडून तोच रुपया त्याच कंपनीकडे पुन्हा पाठवला. या खेपेस एमएस ६२. मधल्या काळात रुपयाला कोणी बोटही लावले नव्हते. दोन्ही लेबले त्याने जपून ठेवली आहेत. मागच्या दिवाळीत तो आला तेव्हा मी ती शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहत बसलो. पहिला शेरा खरा मानायचा की दुसरा, हे मला आजही सांगता येत नाही.

हा एकट्यादुकट्याचा अनुभव नाही. कॉइन वर्ल्ड या अमेरिकी नियतकालिकाने २००२-०३ मध्ये तीच ती नाणी निरनिराळ्या कंपन्यांकडे फिरवून पाहिली, तेव्हा एकाही नाण्याच्या ग्रेडवर सगळ्यांचे एकमत झाले नाही. त्याआधी, १९९० मध्ये, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, पीसीजीएस या मोठ्या ग्रेडिंग कंपनीच्या जाहिरातींवरच आक्षेप घेतला होता: ग्रेडिंग वस्तुनिष्ठ असल्याचा दावा वाढवून केला जातो, असा. कंपनीने चूक कबूल केली नाही, पण समझोता केला आणि जाहिरातीत खुलासा छापायचे मान्य केले. पुढे २००७ मध्ये जॉन अल्बनीज यांनी, ज्यांचा पीसीजीएस आणि एनजीसी या दोन्ही ग्रेडिंग कंपन्यांच्या स्थापनेत हात होता, सीएसी नावाची नवी कंपनी काढली. तिचे काम काय, तर दुसऱ्यांनी ग्रेड देऊन बंद केलेली नाणी पुन्हा तपासायची आणि ती त्या ग्रेडला नीट उतरत असतील तर स्लॅबवर हिरवे स्टिकर लावायचे. पारख्यांची पारख करायला दुसरा पारखी लागला. २०२३ पासून या मंडळींनीही स्वतःचे ग्रेडिंग सुरू केले आहे.

एक गोष्ट मला नेहमी आठवते. अमेरिकेचे १९१३ सालचे लिबर्टी निकल, म्हणजे पाच सेंटचे नाणे, फक्त पाच आहेत. त्यांतले एक वॉल्टन नावाच्या संग्राहकाकडे होते. १९६२ मध्ये ते मोटार अपघातात गेले आणि त्यांचे नाणे तज्ज्ञांनी खोटे ठरवले. साल बदललेले आहे, म्हणाले. घरच्यांनी ते टाकून दिले नाही, कपाटात ठेवले. तब्बल चार दशकांनी, २००३ मध्ये, बाल्टिमोरला उरलेल्या चार नाण्यांशेजारी ठेवून ते पुन्हा तपासले आणि अस्सल निघाले. २०१३ मध्ये ते तीस लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकले गेले. तज्ज्ञ अप्रामाणिक होते असे मी म्हणत नाही, चुकले होते.

आता माझे स्वतःचे. निवृत्तीनंतर हातात थोडे पैसे आले तेव्हा बरीच वर्षे मनात असलेला १९३९ चा रुपया घ्यायचे ठरवले. सहाव्या जॉर्जचा, मुंबई टाकसाळीचा हा रुपया फार दुर्मीळ; १९३८ चा मात्र सहज मिळतो. म्हणूनच ३८ मधला ८ कोरून त्याचा ९ करणारे हात या धंद्यात आहेत. हे मला पाठ होते. सुटा रुपया असता तर मी भिंगाखाली तासभर धरला असता. पण तो स्लॅबमध्ये होता, लेबलवर नामांकित परदेशी कंपनीचे नाव होते, क्रमांक फोनवर तपासला तर संकेतस्थळावर नोंदही होती. मी भिंग बाहेरच काढले नाही. घरी येऊन संगणकाच्या मोठ्या पडद्यावर त्या क्रमांकाचा फोटो उघडला, तेव्हा फोटोतल्या रुपयावर मुकुटामागे कडेला निळसर-तपकिरी डाग दिसला. माझा रुपया तिथे पांढरा स्वच्छ. मग भिंग घेतले. डबीच्या सांध्यावर गोंदाची बारीक रेघ होती. ९ च्या शेपटीभोवती धातू ओढल्यासारखा, भोवतालचा सपाट भाग इतर ठिकाणापेक्षा खरखरीत. क्रमांक खरा होता, लेबलाची नक्कल होती, डबी खोटी होती आणि रुपया १९३८ चा होता. विक्रेत्याने ‘मीही विश्वासानेच घेतले होते’ म्हणून हात वर केले.

आपल्याकडे नाणे वाजवून घ्यायची रीत होती. खणखणीत आणि बद्द हे शब्द आपण माणसांनाही लावतो ते त्यामुळेच. स्लॅबमधले नाणे वाजवता येत नाही, तोलता येत नाही, त्याची कडही धड पाहता येत नाही. ज्या तीन खुणांवर सराफाचा पोरगाही खोटे नाणे पकडायचा, त्या तिन्ही प्लास्टिकमागे गेल्या आहेत.

मराठेशाहीतल्या नाण्यांना तर ही आकड्यांची पट्टी नीट बसतच नाही. शिवराई हाताने ठोकलेली. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान. ‘श्री राजा शिव’ यातले कधी ‘राजा’ येते, कधी ‘शिव’ कडेला कापले जाते. ती झीज नव्हे, ती टाकसाळीतूनच तशी निघाली. हे ज्याला ठाऊक नाही तो तिला कमी ग्रेड देणार. तीच कथा सराफी खुणांची. पेशवाईत ठिकठिकाणचे रुपये चालत, त्यांवर वेगवेगळा बट्टा, म्हणजे मोलात काट, बसे, आणि गावचा पोतदार किंवा पेठेतला सराफ पारखलेल्या रुपयावर आपली बारीक खूण ठोकी. त्या काळी ती खूण म्हणजे विश्वास होता. आज तीच खूण बहुधा नुकसान म्हणून मोजली जाते. मला तर ती खूण असलेला रुपया जास्त आवडतो, कारण तो कोणाच्या तरी हातून पारखून गेलेला आहे.

ग्रेडिंग कंपन्या नकोत असे माझे म्हणणे नाही. त्या नव्हत्या तेव्हा विकणाराच ग्रेड सांगायचा आणि घेणारा मान डोलवायचा. लक्ष्मीपूजनाला चिंच आणि राख लावून घासलेले, माळेतली कडी काढून तिथला वण डाक देऊन बुजवलेले रुपये ‘एकदम नवे’ म्हणून खपत. चांगला ग्रेडर असे रुपये बहुतेक वेळा ओळखतो. पण आपल्याकडच्या संग्राहकापुढे आणखी अडचण आहे. पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांवरचे नाणे पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे घरातला व्हिक्टोरियाचा रुपया ग्रेडिंगसाठी अमेरिकेला धाडणे हा सोपा मार्ग नव्हेच. ही गरज ओळखून काही विक्रेते आता स्वतःच डब्या छापून, स्वतःच आकडे घालून, स्वतःचीच नाणी विकतात. दुरून पाहणाऱ्याला ती डबी आणि नामांकित कंपनीची डबी सारखीच दिसते.

सोन्याच्या दागिन्यावर आता सहा अक्षरी-अंकी हॉलमार्क क्रमांक सक्तीचा आहे. त्यामागे कायदा आहे आणि मोजता येईल अशी शुद्धता आहे. स्लॅबवरचा क्रमांक पाहून लोकांना नेमका तोच हॉलमार्क आठवतो. त्या क्रमांकामागे मात्र एका खासगी कंपनीचे मत असते. चांगल्या कंपन्या ते मत चुकले तर भरपाईही देतात, पण तिलाही अटी असतात. एनजीसी प्राचीन नाण्यांच्या अस्सलपणाची हमी देत नाही, आणि हे ती स्वतःच लिहून देते. ती बारीक अक्षरे आपल्या लेखात यायला हवी होती.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत या सल्ल्याची दुरुस्ती छापावी. निदान इतके तरी वाचकांना कळावे: ग्रेड देणारा आणि नाणे विकणारा एकच तर नाही ना, हे आधी विचारावे, क्रमांक नुसता जुळवू नये, कंपनीने ठेवलेल्या फोटोतला डाग नि डाग हातातल्या नाण्याशी ताडून पाहावा, आणि तोही पैसे देण्याआधी, आणि भिंग खिशात असेल तर ते बाहेर काढावे. माझा तो रुपया स्लॅबमधून काढून मी आमच्या मंडळाच्या बैठकीत नेतो. नव्या मुलांना ९ ची शेपटी दाखवायला तो उपयोगी पडतो. कोणाला पाहायचा असेल तर आपल्या कार्यालयात आणून देईन.

आपला विश्वासू,
एक नाणेसंग्राहक, सांगली