‘अचूकता ९० टक्के’ म्हणजे नेमके काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘मनगटावरचे घड्याळ कॅन्सर ओळखणार’, ‘फोटो काढा, तीळ तपासा’ अशा बातम्यांत बहुधा एकच आकडा असतो: अचूकता ९० टक्के. तो किती फसवा आहे हे साध्या हिशेबाने दिसते. १,००,००० लोकांत १०० जणांना कॅन्सर आहे असे धरू. उपकरणाने त्यातले ९० पकडले आणि निरोगी माणसांपैकी ९० टक्क्यांना बरोबर ओळखले, तरी ९,९९० निरोगी लोकांना धोक्याचा इशारा जातो. म्हणजे इशारा मिळालेल्या सुमारे ११२ जणांत खरा रुग्ण एक. आणि सुटलेले १० रुग्ण ‘सगळे ठीक’ वाचून निर्धास्त राहतात. आम्हाला जास्त काळजी वाटते ती या दहा जणांची. म्हणून खरे रुग्ण किती पकडले, किती निरोगी लोकांना चुकून इशारा दिला आणि चाचणी कोणावर झाली, हे तीन तपशील बातमीत जरूर छापावेत.

घड्याळ हिरव्या प्रकाशाने त्वचेखालचा रक्तप्रवाह पाहून नाडी मोजते. गाठ त्याला दिसत नाही. विश्रांतीतली नाडी वाढण्यामागे ताप, रक्ताल्पता, जागरण, थायरॉइड असे काहीही असू शकते. एमआयटीच्या संशोधकांनी २०२३ मध्ये ब्राला जोडायचा अल्ट्रासाउंड पॅच दाखवला; त्यात ०.३ सेंमीच्या सिस्टही (द्रव भरलेल्या गाठी) दिसल्या. पण चाचणी एकाच महिलेवर झाली होती आणि पॅच नेहमीच्या अल्ट्रासाउंड यंत्राला जोडावा लागत होता. तीळ तपासणाऱ्या अॅपबद्दल ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातल्या २०२० च्या आढाव्याचा निष्कर्ष स्पष्ट आहे: सगळे मेलानोमा (त्वचेचा एक घातक कॅन्सर) पकडण्यासाठी त्यांच्यावर विसंबता येत नाही.

फोन खरा उपयोगी पडतो तो नोंद ठेवायला. तिळाचा फोटो दिवसाउजेडी काढावा, फ्लॅश आणि ब्यूटी फिल्टर बंद ठेवून (फिल्टर नेमक्या कडाच पुसतो). एक फोटो दुरून, जागा कळेल असा. दुसरा १०–१५ सेंमीवरून, तिळाशेजारी मिलिमीटरची पट्टी धरून. याहून जवळ गेले की बऱ्याच फोनांचा फोकस सुटतो. महिन्याने त्याच उजेडात, त्याच कोनातून पुन्हा. तिळाचे दोन अर्धे न जुळणे, वेड्यावाकड्या कडा, एकाहून अधिक रंग, ६ मिमीहून मोठा आकार आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बदल, हे पाहावे. सावळ्या त्वचेत मेलानोमा बहुधा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो. अॅपना शिकवलेले फोटो मात्र मुख्यतः गोऱ्या त्वचेचे असतात, त्यामुळे नखाखाली नव्याने आलेली काळी रेघ अॅपच्या भरवशावर सोडू नये. तोंडातला पांढरा-लाल चट्टा किंवा तीन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर फोटोंची तुलना करत थांबूच नये, तोंड थेट डॉक्टरांना दाखवावे.

डॉक्टरांना मूळ फोटो फोनवरच दाखवावेत. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होतो आणि बारकावे जातात. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

आपले,
काही वाचक