मनू, आधी झोपेचं विचार

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रडलीस आणि तेवढ्यात नेटवर्क गेलं, नंतर मी तीनदा लावला तर ती बाई आपली हिंदीत संपर्क नहीं हो पा रहा म्हणत राहिली, म्हणून आता टाइप करत बसलोय. आई म्हणते एवढं लांबलचक कोण वाचतंय हल्ली, व्हॉइस पाठवा की, पण व्हॉइसमध्ये माझा आवाज भरून येतो आणि मग तुला वाटतं पप्पांना काय झालं. तर वाच निवांत. चुका झाल्या तर समजून घे, बोट जाड आणि अक्षरं बारीक.

तू सांगितलंस ते डोक्यातून जाईना. तिकडं हिमाचलात बंजारच्या शाळेत नशामुक्तीचा कार्यक्रम घेतला, पोरांनी हात पुढं करून शपथ घेतली, फोटो झाले, समोसे झाले, आणि संध्याकाळी स्टँडच्या मागं त्यातलीच दोन पोरं नशेची पन्नी घेऊन बसलेली दिसली. आणि तू म्हणालीस पप्पा मी इथं काय करतेय. अगं, शपथ घेणारा खोटं बोलत नसतो. शपथ घेताना तो खरंच घेतो. मी दोनदा घेतलीय, मला विचार.

हे तुला कधी नीट सांगितलं नव्हतं. तू नववीत होतीस तेव्हाचं तुला पप्पा प्यायचे एवढंच आठवत असेल, आणि तो हॉस्पिटलचा आठवडा. त्याच्या आधीचं ऐक.

इथं सोलापुरात अक्कलकोट रोडला आपल्या कारखान्यात 26 वर्षं जॉबर होतो मी, म्हणजे माग दुरुस्त करणारा. टॉवेलचे माग. त्या खटखटाटात माणूस बोलत नाही, ओठ बघून समजून घेतो, म्हणून तर मी घरी पण ओरडून बोलायचो आणि तू कानावर हात ठेवायचीस. कारखाना बंद पडला तेव्हा पैशाचं टेन्शन होतंच, नाही असं नाही, पण खरा त्रास कशाचा झाला सांगू का, शांततेचा. रात्री आडवा पडलो की कानात काहीच नाही. दोन वाजले, तीन वाजले, पंख्याकडं बघत पडून. आई दिवसभर विड्या वळून दमलेली, तिला कशाला उठवायचं. पंधरा दिवस झोप नाही आणि हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण गड्यानं झोप लागत नाही असं सांगायचं म्हणजे काय, लोक म्हणतील खुळा झाला. मग एकानं सांगितलं एक क्वार्टर मार, पडशील. पडलो. लई गाढ पडलो. पण तीन वाजता छाती धडधडत जाग यायची, म्हणून दुसरी. डॉक्टरनं नंतर सांगितलं की दारू झोप आणत नाही, झोप मोडते, पहिले दोन तास उधार देते आणि पहाटे व्याजासकट घेते. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर.

सांगितलं काय, तर पोरगी मोठी होतेय लाज वाटत नाही का. तुझ्या आत्यानं देवाची आण घातली. शेवटी पंढरपूरला नेऊन माळ घातली. माळेला मी नावं ठेवत नाही हां, आपल्या गल्लीतल्या दोघांची माळेवर सुटली ती आजतागायत, पंधरा पंधरा वर्षं झाली. पण माझं काय झालं, मी पांडुरंगासमोर एका दिवसात पूर्ण बंद केली. दुसऱ्या रात्री हात थरथरायला लागले, चहाचा कप धरता येईना, घामाघूम. तिसऱ्या दिवशी मला हवेत सूत दिसायला लागलं, खरंच, तुटलेले धागे, आणि मी ते जोडत बसलो होतो अंगणात. मग फिट आली. तुझ्या काकानं रिक्षात घातलं.

गल्लीत बोलले माळ बाधली. बाधली बिधली काही नाही, रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर पहिल्या तीन-चार दिवसांत हे होतं, आणि माणूस जाऊ पण शकतो. हॉस्पिटलात आठवडाभर गोळ्या हळूहळू कमी करत आणल्या, बी-वनची इंजेक्शनं दिली. म्हणून तुला सांगतो, तिकडं कुणी म्हातारा तुझं भाषण ऐकून जोशात आला आणि म्हणाला बेटी आजसे बंद, तर टाळ्या वाजवू नको. आधी विचार रोज किती आणि किती वर्षं, आणि डॉक्टरकडं घेऊन जा, मग बंद.

आणि त्या डॉक्टरनं, तरुण पोरगा होता, माझ्याकडं बघून पहिला प्रश्न काय विचारला माहितीय? काका झोप कधीपासून नाही. किती पिता नाही विचारलं, का पिता नाही विचारलं. मी ढसाढसा रडलो बघ, पन्नाशीतला माणूस, नर्स बघत होती. नंतर मन उदास असण्यावरची गोळी सुरू केली, ती पण लगेच लागू पडली नाही, तीन आठवडे मला वाटलं पैसे वाया चाललेत. मग एका सकाळी आईनं केलेल्या शेंगा चटणीची चव लागली. तेव्हा कळलं की कित्येक महिने चवच लागत नव्हती.

तर त्या दोन पोरांना पन्नीचं विचारू नको. झोपेचं विचार, जेवणाचं विचार. पन्नीवर ती येतील आपोआप.

तुझ्या त्या बंजारचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं लमाण तांडाच असणार तिथं, आठवतंय ना किती हसलीस. पण मी आता मॅप बघून बघून सगळं शिकलोय. जालोरी जोत ही खिंड बर्फानं बंद झाली की पलीकडं जाणं संपलं, पर्यटक कमी, होमस्टे रिकामे, चारला ऊन डोंगरामागं जातं आणि सगळे तंदूरभोवती एका खोलीत. सफरचंदाचा पैसा सीझनला एकदम हातात आलेला आणि पुढं चार महिने हाताला काम नाही. त्यात 2023 च्या जुलैला बियास नदीनं जे केलं ते टीव्हीवर आपण पण बघितलं, ज्याचं घर डोळ्यासमोर वाहून गेलं त्याला पुढच्या प्रत्येक पावसात झोप लागत असेल का? तिथला वीस वर्षांचा पोरगा चिट्ट्याकडं, म्हणजे त्या हेरॉइनकडं, का जातो हे मला इथं पत्र्याखाली बसून कळतं. मी मागाशिवाय जसा होतो तसा तो हिवाळ्यात असतो. हे माझं मत, चूक असेल तर सांग.

इथं आपल्याकडं लोक काय म्हणतात, परवा किराणा दुकानात एकजण म्हणाला पोरीला कुठं पाठवलं, पहाडात सगळे गांजेकस. मी म्हणलं बाबा, 2012 पासून राज्यात गुटखा बंद आहे, तुझ्या खिशात काय आहे दाखव. गप्प बसला. आणि चिंचोळी एमआयडीसीत 2023 ला एमडी ड्रग्जचा कारखाना पकडला तो काय हिमाचलमध्ये होता का? तुझ्या आईनं पण हल्लीच मिश्री सोडलीय, ती सुद्धा तंबाखूच की, पण बायकांचं ते व्यसन म्हणून कुणी मोजतच नाही. तिकडं पण बायकांचं कुणी मोजत नसणार, बघ जरा.

मुळेगाव तांडा तुला आठवतो, हैदराबाद रोडचा, हातभट्टीसाठी पंचक्रोशीत नाव. पोलीस बॅरल फोडायचे, गूळ-नवसागराचं ते रसायन ओतून द्यायचे आणि चार दिवसांत परत भट्टी पेटायची, वर्षानुवर्षं हेच. 2021 ला तेजस्वी सातपुते मॅडम ग्रामीणच्या एसपी होत्या, त्यांनी ऑपरेशन परिवर्तन सुरू केलं. अधिकाऱ्यांना एकेक गाव वाटून दिलं, धाडी चालूच, पण सोबत बसून बोलायचं, भट्टी बंद केली तर खाणार काय हे विचारायचं आणि दुसऱ्या कामाला लावून द्यायचं. सगळं चकाचक झालं असं मी म्हणणार नाही. पण नुसती बॅरल फोडण्यापेक्षा बरं झालं. तुझ्या शाळेतली शपथ म्हणजे बॅरल फोडणं आहे, राग मानू नको.

अजून एक. तू मागं त्या भांगेच्या धाग्याच्या चपला पाठवल्यास, पूल की पूला म्हणतात त्या. मी तो धागा उलगडून बघितला, सवय ना, काय चिवट आहे, पाण्यानं आणखी घट्ट होतो. तिकडच्या आज्या हे बनवतात, भांगेचं बी थंडीत खातात असं तूच सांगितलंस. मग त्यांच्यासमोर त्या झाडाला शिव्या देऊन कसं चालेल? पुढं पोस्टर करताना चरस वेगळा, आजीची चप्पल वेगळी, एवढं बघ. तसंच त्यांच्या देवतेच्या गूरशी, म्हणजे ज्याच्या अंगात देव येतो त्याच्याशी, भांडू नको. लोक आधी त्याच्याकडं जाणार, आपल्याकडं पण अंगात आलेल्या बाईला आधी विचारतात आणि मग डॉक्टर. त्याच्याशी ओळख कर, चहा पी. तो जर म्हणाला देवाला पण विचार आणि दवाखान्यात पण जा, तर तुझं अर्धं काम झालं.

आणि लुगडी! तू फोनवर म्हणालीस इथं घरोघरी लुगडी असते आणि आई म्हणाली बघा किती संस्कार आहेत, अजून लुगडी नेसतात. तांदळाची दारू आहे हे कळल्यावर दोन दिवस तोंड पाडून होती.

चिट्ट्याचं तू मागच्या महिन्यात जे सांगितलंस ते मी डायरीत लिहून ठेवलंय, बरोबर आहे का बघ. सोडताना अंग मोडतं, उलट्या, जुलाब, थंडी, पण त्यानं सहसा माणूस मरत नाही, दारूचं उलटं. धोका नंतर. महिना-दोन महिने सेंटरमध्ये राहून आला, शरीराची सवय गेली, आणि जुन्या मापानं एकदा घेतलं की श्वास बंद पडतो. म्हणून घरी परत आलेल्या पोरावर पहिले काही आठवडे नजर ठेवायची, संशयानं नाही, सोबतीनं. जिभेखाली ठेवायची गोळी असते, ब्युप्रेनॉर्फिन (हे नाव टाइप करायला पाच मिनिटं लागली), ती घेणाऱ्याला लोक म्हणतात एक नशा सोडून दुसरी धरली. शुगरची गोळी रोज घेतो त्याला म्हणतात का असं?

तू सांगितलेल्या त्या एकोणीस वर्षांच्या पोराची आई घाबरलीय की दवाखान्यात नेलं तर पोलीस नेतील. तिला नीट सांग, 1985 चा जो नशेच्या पदार्थांचा एनडीपीएस कायदा आहे त्यात कलम 64-अ आहे, व्यसनी माणूस आपणहून उपचाराला गेला तर स्वतः घेतल्याबद्दल किंवा थोड्या मालाबद्दल त्याच्यावर खटला चालवत नाहीत. विकणाऱ्याला ही सूट नाही. आणि कुठल्यातरी सेंटरमध्ये साखळीनं बांधून ठेवतो म्हणाले तर तिथं घालू देऊ नको, 2017 च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यानं साखळदंड बंद केलेत. दवाखाना लांब असेल तर मानसिक आरोग्याचा हेल्पलाइन नंबर 14416 आहेच, रात्री पण लागतो, आणि व्यसनासाठी 14446. हे नंबर पोस्टरवर कोपऱ्यात बारीक टाकू नको, मोठे टाक. आणि आधी स्वतः लावून बघ.

स्वतः वरून आठवलं. तुझी आत्या सगळीकडं सांगत सुटलीय की आपली मनू म्हणजे दुसरी डॉक्टर कोटणीस. परवा भैय्या चौकातून येताना त्यांच्या स्मारकापाशी थांबलो. आपल्या सोलापुरात जन्मलेला माणूस, 10 ऑक्टोबर 1910, आणि योगायोग बघ, 10 ऑक्टोबरलाच आता मानसिक आरोग्य दिन असतो. 1938 ला चीनला गेले, जखमी सैनिकांची रात्रंदिवस ऑपरेशनं केली, फिट यायला लागल्या तरी थांबले नाहीत, 1942 ला गेले. 32 वर्षांचे होते. मोठा माणूस, हात जोडतो मी. पण मला घरात स्मारक नको गं, पोरगी पाहिजे.

तू काल रडलीस त्याच्या आधी म्हणालीस मी ठीक आहे. मी पण पंधरा दिवस ठीकच होतो. म्हणून सरळ विचारतो, झोप लागते का? किती वाजता जाग येते? जेवणाची चव लागते का? उत्तर गोल गोल नको, आकड्यात पाहिजे. आणि तुझ्या कामावरच्या मॅडमना सांग की मला पण बोलायला कुणीतरी लागतं. दुसऱ्याचं ऐकणाऱ्याचं पण कुणीतरी ऐकावं लागतं, आमच्या एएच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या, मीटिंगमध्ये सुद्धा ऐकणारा नंतर बोलतोच.

गड्डा जत्रेची तयारी सुरू झालीय, होम मैदानावर पाळणे उभे राहतायत. नंदीध्वज जाताना व्हिडिओ कॉल करतो, नेटवर्क असलेल्या टेकाडावर उभी रहा, टोपी घालून.

तुझा पप्पा

ता.क. पार्सलमध्ये कडक भाकरी, शेंगा चटणी आणि एक चादर आहे. चादर आपल्या जुन्या कारखान्यातली नाही, तिथं आता गोडाऊन झालंय, पण ज्या मागावरची आहे तो माग मी दुरुस्त केलेला आहे. आई म्हणते चटणी त्या दोन पोरांना पण दे, तिखट आहे म्हणून सांगून दे.