लोडमास्टरच्या लेकीस

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

हवाई दलात फायटर (लढाऊ विमानं) नाही, ट्रान्सपोर्ट (मालवाहू विमानं) मिळालं, हे सांगताना तुझा आवाज बसला होता. फोनवर मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

मी चंदीगडला एएन-३२ या मालवाहू विमानावर लोडमास्टर, म्हणजे माल चढवणारा-उतरवणारा, होतो, हे तुला माहीत आहे. काम काय असायचं ते कधी सांगितलं नाही. पहाटे अंधारातच निघायचो, कारण दुपारकडे लेहला वारा सुटतो. तिथली धावपट्टी १०,६०० फुटांच्याही वर. थंडीत माल उतरवताना इंजिनं चालूच ठेवायची; विरळ हवेत बंद पडलेलं इंजिन पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नाही. सियाचेनला तर उतरणंच नाही. मागचा रॅम्प उघडायचा, तोंडावर ऑक्सिजन मास्क, आणि रॉकेल, रेशन पॅराशूटनं सोडायचं.

एकदा ड्रॉप झोनवर, म्हणजे माल टाकायच्या जागेवर, ढग बसला होता. कॅप्टनसाहेबांनी दोन चकरा मारल्या आणि सगळा माल तसाच परत आणला. खाली पोरं रॉकेलची वाट बघत होती. परतीच्या वाटेत कुणी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी ते दोनदा गेले. वैमानिक म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आजही तेच येतात.

पुढे टँकरवर, म्हणजे हवेतच दुसऱ्या विमानांना इंधन देणाऱ्या विमानावर, जायचं म्हणतेस, त्याचा मला फार आनंद झाला. आग्र्याची टँकरची ७८ स्क्वाड्रन २००३ मध्ये उभी राहिली. तिथलं आयएल-७८ हे टँकर विमान तीन होज (इंधनाच्या लवचिक नळ्या) सोडतं, दोन पंखांखालून, एक शेपटीकडून. प्रत्येकाच्या टोकाला बास्केट. सुखोई हे लढाऊ विमान मागून येऊन त्यात आपला प्रोब, म्हणजे इंधन घ्यायची नळी, घालतं. तेवढा वेळ टँकरनं वेग आणि उंची तसूभर हलू द्यायची नाही. आपल्या पुण्याच्या लोहगावची सुखोई लांब समुद्रावर जाऊन परततात ती याच जोरावर. टाळ्या त्यांना पडतील. वाईट वाटलं तर मला फोन कर.

घाई मात्र करू नकोस. आधी बंगळुरूजवळ येलहंकाला डॉर्निअर विमानावर शिक्षण, मग बरीच वर्षं को-पायलट. व्हाइट, ग्रीन, मास्टर ग्रीन ही वैमानिकाच्या कौशल्याची चढती रेटिंग सावकाश येऊ देत.

लेहला पहिल्यांदा उतरशील तेव्हा मागे जाऊन लोडमास्टरला नाव विचार. आमच्या साहेबांना माझं ठाऊक होतं.

तुझे,
बाबा