फणसाडच्या पायवाटा पायवाटाच राहू द्या! वनमंत्र्यांना खुलं पत्र

मा. वनमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

मी रायगड जिल्ह्याचा रहिवासी. मुरूड, रोहा आणि अलिबाग तालुक्यांत पसरलेल्या फणसाड अभयारण्याविषयी लिहितो आहे. मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. फणसाडच्या आतल्या वाटा रुंद करू नका, त्यांवर काँक्रीट ओतू नका आणि पाणवठ्यांपर्यंत पर्यटकांच्या गाड्या नेऊ नका.

हे आत्ताच सांगायचं कारण म्हणजे मुंबई जवळ येते आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला. रेवस-कारंजा पूल आणि रेवस-रेडी सागरी महामार्ग पुरे झाले की मुरूडचा प्रवास आणखी कमी होईल. काशीदच्या किनाऱ्यावर सुट्टीच्या दिवशी आजच गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि तिथून अभयारण्याचं सुपेगावचं प्रवेशद्वार काही फार लांब नाही. ही गर्दी वर जंगलात येणारच. मग मागण्या सुरू होतील: रस्ता नीट करा, जिप्सी सोडा, म्हाताऱ्या माणसांना चालवत नाही. एकेक मागणी ऐकायला रास्त वाटेल, म्हणून निर्णय गर्दीच्या आधी व्हायला हवा.

हे जंगल मुळात जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाचं शिकारीचं रान. १९८६ साली ते अभयारण्य झालं. ताडोब्यात गाडीतून जनावर दिसतं, कारण तिथे नजर लांब जाते. इथे ऐन, किंजळ, जांभूळ आणि अंजनीच्या गर्दीत दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. गाडीत बसलेल्याला धूळ आणि पाचोळा दिसेल, बाकी काही नाही.

आता वाट रुंद केल्यावर नेमकं काय होतं ते सांगतो. शेकरू आपला राज्यप्राणी. तो जमिनीवर क्वचितच उतरतो. त्याचं खाणं, घरटं, पळणं सगळं फांद्यांवर. वाट अरुंद असते तेव्हा दोन्ही बाजूंची झाडं वर एकमेकांत मिसळलेली असतात आणि माणसाच्या मांडीएवढे जाड गारंबीचे वेल या झाडावरून त्या झाडावर गेलेले असतात. हाच शेकरूचा रस्ता. गाडीजोगी वाट करताना आधी आडव्या फांद्या छाटल्या जातात, मग वेल तुटतात, शेवटी कडेची झाडं जातात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यात आधीच कितीतरी मोठी झाडं आडवी केली. ती जागा भरून यायला अजून अनेक वर्षं लागतील. वादळाला कुणी थांबवू शकत नव्हतं, पण कुऱ्हाडीला थांबवता येतं.

तिबोटी खंड्या हा आमच्या रायगडचा जिल्हा पक्षी. चिमणीएवढा जीव, जांभळा, केशरी आणि निळा. तो पावसाच्या तोंडावर येतो आणि ओढ्याकाठच्या, वाटेकडेच्या मातीच्या दरडीत बीळ कोरून अंडी घालतो. रस्ता रुंद करायला आलेला जेसीबी सगळ्यात आधी हीच दरड खरवडतो. मग तिथे दगडी भिंत उभी राहते, आणि भिंतीत बीळ कोरता येत नाही.

इथल्या पाणवठ्यांना गाण म्हणतात. फणसाडची गाण, चिखलगाण अशी त्यांची नावं. उन्हाळ्यात ओढे आटले की सगळं रान याच पाण्यावर येतं. एप्रिलच्या दुपारी काठावर गप्प बसलं तर आधी नुसते बेडूक दिसतात. मग स्वर्गीय नर्तक पक्षी फांदीवरून सुटतो, पाण्याला पोट टेकवून पुन्हा वर जातो, पिसं झटकतो, परत येतो. काठच्या चिखलात भेकराच्या नाजूक खुरांशेजारी कधी बिबट्याचा रुंद पंजा उमटलेला असतो. इथे इंजिनाची घरघर पोचली तर तहानलेलं जनावर झाडीतच थांबेल. दिवसभर गाड्या येत राहिल्या तर त्यानं पाणी प्यायचं केव्हा?

पर्यटनाला माझा विरोध नाही. लोकांनी इथे यावंच, पण पायी, लहान गटानं आणि सोबत स्थानिक वाटाड्या घेऊन. भोवतालच्या वाड्यांमधल्या ठाकूर, कातकरी आणि धनगर तरुणांना या रानाची जी माहिती आहे ती कुठल्याही फलकावर मावणार नाही. रस्त्यावर जो पैसा घालायचा तो त्यांच्या प्रशिक्षणावर आणि मानधनावर घाला. ज्यांना फार चालवत नाही त्यांच्यासाठी प्रवेशद्वाराजवळच एक छोटी, सपाट, सावलीची फेरी आखता येईल, बसायला बाकांसकट. वाड्यांना दवाखान्यात आणि शाळेत जायला रस्ता हवाच, त्याची गल्लत या मागणीशी कुणी करू नये.

अभयारण्याच्या व्यवस्थापन आराखड्यात ३ गोष्टी स्पष्ट शब्दांत याव्यात: गाणींकडे जाणाऱ्या वाटांचं रुंदीकरण नाही, पर्यटकांची वाहनं प्रवेशद्वाराच्या आत नाहीत आणि उन्हाळ्यात प्रत्येक गाणीवर एका वेळी किती माणसं जातील याची मर्यादा. ही मर्यादा वनरक्षकांना आणि वाड्यांमधल्या माणसांना विचारून ठरवावी. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीआधी याबाबतचा लेखी आदेश निघावा, ही नम्र विनंती.

आपला,
रायगड जिल्ह्यातला एक नागरिक