घंटेला फडके बांधणाऱ्या गुरवकाकांस

आदरणीय गुरवकाका,
सप्रेम नमस्कार.

ककणेर या धनेश पक्ष्याचे चित्र परवा पूर्ण झाले. त्यावर सही करण्याआधी तुम्हाला पत्र लिहावे, असे मनापासून वाटले.

तुमच्या देवरहाटीत, देवाच्या नावाने राखलेल्या त्या रानात, येण्यापूर्वी संगमेश्वर तालुक्यातच मी एका वाटाड्याबरोबर फिरले होते. ढोलीतली मादी चोच बाहेर काढत नाही म्हणून तो बुंध्यावर दांडक्याने ठोकू लागला आणि कॅमेरेवाले त्याला आवरण्याऐवजी मोक्याची जागा धरून उभे राहिले. अंडी उबवण्यासाठी मादी स्वतःला ढोलीत लिंपून घेते, तिला आणि पुढे पिल्लांना नर चिंचोळ्या फटीतून भरवतो. तो बिथरून फिरकलाच नाही तर आतल्या जिवांची उपासमार होते, हे ठाऊक असलेली माणसे अशी वागली, याचा संताप अजून गेलेला नाही. शहरातल्या एका कलादालनाने तर ‘पक्षी राहू द्या, मागची झाडी कमी करा’ असे सुचवून माझी चित्रे परत केली होती.

तुम्ही ककणेराची ढोली असलेल्या बेहड्याच्या झाडापासून लांबची, गारंबीच्या वेलाआडची जागा मला दाखवलीत. दुसऱ्या दिवशी आले, तर देवळातल्या घंटेच्या लोलकाला जुन्या धोतराचे फडके घट्ट गुंडाळलेले होते. नर फळे घेऊन येतो त्याच वेळी कोणीतरी घंटा वाजवते आणि तो फांदीवरूनच परत फिरतो, हे तुम्ही हेरले होते. दर्शनाला येणाऱ्यांना तुम्ही एवढेच सांगत होतात, ‘नुसते हात जोडलेत तरी देवाला पोचते.’

त्यामुळेच नराचा लाल डोळा, त्याभोवतीची निळसर काळी कातडी आणि गळ्यात साठवलेली उंबरे एकेक करून चोचीच्या टोकाशी आणत आत देण्याची त्याची रीत मला निवांत टिपता आली. देवरहाटीच्या दाट सावलीत त्याचे पांढरे पोट पांढरे राहत नाही, पानांतून झिरपलेला हिरवा उजेड त्यावर पसरतो. छायाचित्रावरून रंगवणाऱ्याला ते उमगणे कठीण. या चित्रात ती सगळी झाडी आहे, वेलासकट.

घंटा हा तुमच्या पिढीजात सेवेचा भाग. ती मुकी ठेवणे सोपे गेले नसेल, मानकऱ्यांना उत्तरही द्यावे लागले असेल. देवरहाट्या देवाच्या धाकाने टिकल्या असे म्हणतात. त्यात तुमच्यासारख्यांच्या माणुसकीचाही मोठा वाटा आहे, असे मी आता ठामपणे म्हणेन.

चित्राची मोठी छापील प्रत गावच्या शाळेसाठी पाठवत आहे. दुसरी तुमच्यासाठी आहे. ती सभामंडपात लावायची की घरी, हे तुम्हीच ठरवावे.

आपली कृतज्ञ,
एक चित्रकार