निम्मं करायची सवय

भोसरी, रविवार

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "अठ्ठावन्न झाल्यावर परत कुणाच्या हाताखाली जायला मन कसं तयार झालं?" मी तेव्हा शिफ्ट सुटून बसस्टॉपवर उभा होतो, काही धड बोलता आलं नाही. पुढच्या वर्षी तुझीही हीच वेळ येणार, म्हणून सविस्तर लिहितोय.

पैशाचं आधी सांगून टाकतो. एवढी वर्षं भरूनही पीएफची पेन्शन महिना ४,५०० च्या आसपास बसली. पगार जास्त असूनही माझी ती १५,००० च्या मर्यादेवर मोजली, आणि २०१४ च्या आधीची वर्षं तर ६,५०० वर. धाकटीचं शिक्षण अजून व्हायचंय. नवा पगार जुन्याच्या जेमतेम निम्मा. मुलाखतीच्या आदल्या रात्री तुझी वहिनी स्पष्टच म्हणाली, "कमी पगार म्हणून रोज घरी येऊन कुढणार असाल, तर जाऊच नका." ते मला पटलं. त्या रात्री हिशेब मिटवला तो मिटवला. गुडघ्यांचंही मुलाखतीतच सांगितलं, रात्रपाळी जमणार नाही म्हणून. त्यांनी मान्य केलं.

खरं अवघड पुढे होतं. आपण आयटीआयपासून लेथवर वाढलेले. इथे सगळ्या सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीन, आणि मला शिकवणारा सेटर सव्वीस वर्षांचा. तिसऱ्या दिवशी ३२ मिमीचा शाफ्ट मायक्रोमीटरने मोजला, ०.१० ने मोठा. आपल्या जुन्या लेथवर काय करायचो? क्रॉस स्लाईडने टूल ०.०५ आत, दोन्ही बाजूंनी मिळून ०.१० जातं. हाताने तेच केलं, स्क्रीनवर ऑफसेटमध्ये, म्हणजे टूलच्या मापाच्या दुरुस्तीत, उणे ०.०५ टाकलं. कट मारला, पुन्हा मोजलं. अजून ०.०५ मोठाच. परत मोजलं, तेच.

दत्ता, आजूबाजूला कुणी नव्हतं. आणखी ०.०५ टाकून जॉब मापात आणता आला असता आणि कुणाला कळलंही नसतं. चौतीस वर्षांचा टर्नर, साधं माप चुकतो हे पोराला कशाला दाखवायचं, असं क्षणभर वाटलं. पण असं एकदा झाकलं असतं, तर रोज झाकत बसावं लागलं असतं. मी त्याला हाक मारली. तो आला, स्क्रीन बघितली आणि शांतपणे म्हणाला, "काका, इथे एक्स डायामध्येच चालतो. निम्मं करायचं नाही." म्हणजे टाकलेला आकडा थेट व्यासातूनच जातो. एवढंच. ना हसला, ना कुणाला सांगत सुटला.

त्या दिवसापासून मी पक्कं ठरवलंय, येत नाही ते त्याच मिनिटाला विचारायचं. आणि "आमच्या कंपनीत असं नव्हतं" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. जुन्या कंपनीतला मान तिथल्या माणसांनी दिला होता. तो इथे मागायला मी आलेलो नाही, मशीन शिकायला आलोय. हे मनात स्वच्छ झाल्यापासून रात्री झोप लागते.

आणि हातचं काही वाया जात नाही रे. परवा मशीन चालू असताना टूलचा आवाज बदलला. मी सेटरला म्हटलं, इन्सर्ट बघ. टूलच्या टोकाच्या त्या पात्याची धार गेलेली होती. आता आवाजात जरा फरक वाटला की तोच मला बोलावतो.

निर्णय घाईत घेऊ नकोस. दिवाळीनंतर दोन दिवस काढून ये. शॉपमध्ये तुला माझ्या मशीनजवळ उभं करतो, मग बोलू. येताना तुझे ग्राइंडिंगचे दाखले मात्र आण.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुरेश