गाव शहरात गेले, तरी नाव राहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहराची हद्द वाढली की सामावलेल्या गावाचे नाव आधी कागदावरून जाते आणि मग हळूहळू लोकांच्या तोंडूनही जाते. या दृष्टीने जर्मनीतील वान्ने-आयकेलचा इतिहास आपण खानदेशवासीयांनी जाणून घ्यावा असे वाटते.

वान्ने आणि आयकेल ही रूर भागातील मुळात शेतकऱ्यांची खेडी. १८४७ मध्ये कोलोन-मिंडेन रेल्वे या भागातून धावू लागली, मागोमाग कोळशाच्या खाणी निघाल्या, पूर्व प्रशियातून आणि पोलिश मुलखातून मजुरांचे लोंढे आले आणि शेतांच्या जागी खाणकामगारांच्या वसाहती उभ्या राहिल्या. एका खाणीला तर युवराज फ्रेडरिकच्या लाडक्या नावावरून ‘उन्झर फ्रित्स’, म्हणजे ‘आपला फ्रित्स’, असे नाव दिले गेले. खाण बंद पडली, पण वस्ती आजही त्याच नावाने ओळखली जाते. १९२६ मध्ये वान्ने आणि आयकेल मिळून एक शहर झाले. पुढे कोळशाचे दिवस फिरले आणि १ जानेवारी १९७५ रोजी हे शहर शेजारच्या हेर्नेत विलीन झाले. आज वान्ने आणि आयकेल हे हेर्नेचे दोन वेगळे विभाग आहेत.

तरीही रेल्वे स्थानकाच्या पाटीवर ‘वान्ने-आयकेल’ कायम आहे. २०१२ मध्ये वाहनांच्या नंबरपाटीवर जुन्या शहराची अक्षरे पुन्हा घेण्याची मुभा मिळाली, तेव्हा शहर जाऊन ३७ वर्षे उलटली असूनही तिथल्या गाड्यांवर ‘डब्ल्यू-ए-एन’ परत आले. दर ऑगस्टमध्ये तिथल्याच क्रांगे भागात भरणारी जत्राही टिकून आहे. तिची सुरुवात घोड्यांच्या बाजारातून झाली, हे वाचताना मला आपले सारंगखेडा आठवले.

आमचे पिंप्राळाही असेच जळगावात सामावले. आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो, चाकांना मोगरी (लाकडी अडणी) लावणाऱ्यांची धावपळ उडते, तेव्हा म्हातारी माणसे आजही ‘आपल्या गावना रथ’ असेच म्हणतात. सरकारी कागदावर मात्र आम्ही केवळ एका प्रभागाचा क्रमांक आहोत, आणि याचे मनापासून वाईट वाटते.

हद्दीत आलेल्या प्रत्येक गावाचे मूळ नाव प्रभाग क्रमांकासोबत लिहावे, गावाच्या वेशीवर नावाची पाटी लावावी आणि जुन्या ग्रामपंचायतींचे दप्तर वाळवीच्या तोंडी जाण्याआधी त्याच्या प्रती काढून ठेवाव्यात, अशी लोकप्रतिनिधींना आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पिंप्राळा, जळगाव